एवढी सिगारेट तरी राहू द्या

डिचोली तालुक्यातील एका भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. अक्षर सुरेख, परंतु तिसऱ्या पानावर शाई पसरलेली. यजमानांची दारू सुटून आठ महिने झाले, घरात पुन्हा वेळेवर पाने मांडली जाऊ लागली, धाकट्या मुलीने कितीतरी दिवसांनी वडिलांजवळ बसून पाढे म्हटले, असा सगळा आनंद पहिल्या दोन पानांवर आहे. खरा प्रश्न पुढे येतो. पूर्वी दिवसाला दहाएक सिगारेटी ओढणारे हे गृहस्थ आता तीस ओढतात. पहाटे उठल्याबरोबर एक, चहाबरोबर दोन. आणि तिन्हीसांजेला, ज्या वेळी पूर्वी पाय आपोआप तावेर्नाकडे वळत, त्या वेळी तर एकीच्या विस्तवावर दुसरी. मुलीला दमा आहे. बाईंनी एकदा धीर करून विषय काढला, तेव्हा यजमान म्हणाले, "दारू सोडली ना? एवढी सिगारेट तरी राहू द्या. तिलाही हात लावलात तर मी काय करीन ते माझे मलाच सांगता येणार नाही." सासूबाईंनीही सुनेलाच गप्प केले : पोर एवढे सुधारले आहे, त्याला आता टोचू नकोस. पत्राच्या शेवटी बाई विचारतात, "दारूपेक्षा सिगारेट परवडली असे मानून मी स्वस्थ बसावे काय?"

या प्रश्नाचे उत्तर त्रयस्थाच्या भूमिकेतून देणे आम्हांला शक्य नाही. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, १९८४ साली आमच्या घरात उच्चारले गेले होते, आणि त्या वेळी आम्ही सर्वांनी समाधानाने माना डोलावल्या होत्या.

आमचे थोरले बंधू डिचोलीच्या बाजूला एका खाणीवर टाइमकीपर होते. लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावत त्या काळातील ही गोष्ट. २०१२ साली त्या साऱ्या खाणी थांबल्या आणि पुढे त्यांतील काही पुन्हा सुरू झाल्या, तो इतिहास निराळा. पाळी संपवून येणारी माणसे लाल धुळीने माखलेली असत. प्रथम नळाखाली तोंड धूत आणि मग तावेर्नात शिरत. दादाही शिरत. मूळ घर आमचे पेडणे तालुक्यातले. सुट्टीला दादा घरी आले म्हणजे देवळातील भजनाला निराळाच रंग चढे, कारण असा खणखणीत आवाज आमच्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. गजराला दादा उभे राहिले की पखवाजवाल्याला घाम फुटे. भजन आटोपल्यावर ते कोठे सापडतील, हेही साऱ्या गावाला ठाऊक होते.

नोकरीच्या निमित्ताने त्या मुलुखात राहू लागल्यापासून दादा शिरगावच्या लईराई देवीचे धोंड झाले होते. गोव्याबाहेरील वाचकांसाठी सांगावयास हवे की डिचोली तालुक्यातील या गावी वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत हजारो धोंड हाती बेताची काठी घेऊन होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात, आणि त्यापूर्वी मोजके दिवस कडक व्रत पाळतात. त्या दिवसांत मद्यमांस वर्ज्य. वर्षभर पिणारे दादा व्रताच्या दिवसांत दारूच्या थेंबालाही शिवत नसत. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरत, कपाळावर घाम डवरे. आमच्या एक वृद्ध आत्याबाई तो देवीचा संचार समजून हात जोडीत. ती दारू एकाएकी तुटल्याची कापरी होती, हे आम्हांला फार उशिरा कळले. (येथेच एक गोष्ट बजावून ठेवतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने मनाच्या निश्चयावर, घरच्या घरी, एका दिवसात दारू तोडू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फेफरे येते, भ्रम होतो, क्वचित प्राणही जातो. औषधांनी हे टळते. म्हणून हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे.) सिगारेट मात्र व्रताच्या दिवसांतही दादांना सुटत नसे. चहा झाला की ते परसात जात, आणि त्यांच्या त्या परसात जाण्यात कोणालाच काही वावगे वाटत नसे.

१९८४ च्या पावसाळ्यात दादांना रक्ताची उलटी झाली. एका रुग्णालयात ते महिनाभर होते. निरोप देताना तेथील डॉक्टरांनी, स्वतःच्या बोटांत सिगारेट धरून, आम्हांला सांगितले, "एका वेळी एकच शत्रू. दारू सांभाळा, सिगारेट राहू द्या. तेवढा आधार काढून घेऊ नका." हा सल्ला आम्हांला फार शहाणपणाचा वाटला. इतका, की दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून येताना आम्ही वहिनींसाठी भाजी आणि दादांसाठी सिगारेटची दहा पाकिटे घेऊन येऊ लागलो. बक्षीस म्हणून. वहिनी ती पाकिटे देवघराशेजारच्या फडताळात ठेवीत.

दादांनी त्यानंतर बारा वर्षे दारूला स्पर्श केला नाही. हे लिहिताना आम्हांला आजही अभिमान वाटतो, कारण पेडणे-डिचोलीच्या डोंगरवस्तीत दारू टाळणे म्हणजे काय, हे तेथे राहणाऱ्यालाच कळेल. फाल्गुन सरता सरता काजूची बोंडे पिकू लागतात. ती कोळंबीत पायांनी तुडवतात, रस आंबवतात आणि भट्टीवर चढवतात. प्रथम निघतो तो सौम्य हुर्राक, पुन्हा ऊर्ध्वपातन केले की कडक फेणी. चैत्र-वैशाखात संध्याकाळचा वारा सुटला की तो गोड-आंबट दर्प खिडकीतून थेट माजघरात येतो. कवाडे लावून उपयोग नाही. त्या दिवसांत दादा अंगणात बसून एकीमागून एक सिगारेट ओढीत. आम्ही एकदा थट्टेने विचारले तेव्हा म्हणाले, "या धुरामुळे भट्टीचा वास नाकाला लागत नाही." सिगारेटने घ्राणशक्ती मंदावते हे खरे आहे, त्यामुळे या युक्तिवादाला उत्तर देणे कठीण होते.

१९९४ च्या सप्ताहात त्यांचा आवाज बसला. रात्रभर गायल्याने बसला असेल, असे सर्वांनी मानले. ज्येष्ठमध झाला, हळद-मध झाला, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. दोन महिने गेले. दादा कुजबुजल्यासारखे बोलू लागले तेव्हा कोठे तपासणी झाली, आणि घशाचा कर्करोग निघाला. बांबोळीला उपचार झाले, काही काळ बरे वाटले, १९९६ च्या श्रावणात ते गेले. तिसऱ्या दिवशी वहिनी फडताळ आवरीत होत्या. उरलेली चार पाकिटे त्यांनी आमच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "दारूने नेले असते तर लोक म्हणाले असते, पीत होता. आता काय म्हणायचे?" त्या पाकिटांचे पैसे आम्ही दिले होते, हे त्यांना माहीत होते आणि आम्हांलाही.

यानंतर पुष्कळ वर्षे आम्ही या विषयावरील मिळेल ते वाचीत आलो आहोत. त्यातील पहिली ठेच एका थोर माणसाच्या चरित्राने लागली. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही मद्यमुक्तांची संघटना १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात सुरू झाली. आपल्याकडे ती १९५७ साली मुंबईत आली, आणि गोव्यातील कित्येक घरांची चूल तिने पुन्हा पेटवली आहे. तिच्या दोन संस्थापकांपैकी बिल विल्सन यांनी १९३४ च्या डिसेंबरात शेवटचा पेला घेतला आणि नंतरची छत्तीस वर्षे ते दारूपासून दूर राहिले. लाखोंना त्यांनी वाट दाखवली. २४ जानेवारी १९७१ रोजी त्यांचा अंत झाला तो एम्फिसीमाने, म्हणजे फुप्फुसे पार निकामी करणाऱ्या विकाराने. विल्सन वर्षानुवर्षे सिगारेटी ओढीत आले होते.

याच संघटनेचा जो मूळ ग्रंथ १९३९ साली निघाला, त्यात कुटुंबीयांसाठी एक प्रकरण आहे. तंबाखू आणि कॉफी यांवरून बायकोने टोकलेल्या एका नवमुक्त गृहस्थाची गोष्ट त्यात येते : भांडण पेटले, गृहस्थ चिडले आणि पुन्हा प्याले. ग्रंथकर्त्यांनी दोष त्या गृहस्थालाच दिला आहे. तरीही रोख असा, की मोठे संकट टळले असताना धाकट्या व्यसनावरून घरात रण माजवू नये. गोष्ट मार्मिक आहे, आणि घराघरांत ती खरीही ठरते. परंतु १९३९ साली सिगारेट आणि कर्करोग यांचा संबंध जगाला नीटसा ठाऊक नव्हता. त्या काळचा तो शहाणपणाचा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या तोंडोतोंडी फिरत राहिला. आमच्या त्या डॉक्टरांच्या तोंडीही बहुधा तोच उतरला होता.

दादा गेले त्याच वर्षी, म्हणजे १९९६ साली, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातून एक पाहणी प्रसिद्ध झाली. तेथील मेयो क्लिनिकमध्ये १९७२ ते १९८३ या काळात दारू व अन्य अमली पदार्थांच्या व्यसनासाठी दाखल होऊन उपचार घेतलेल्या ८४५ जणांचा मागोवा डॉक्टरांनी घेतला. त्यांतील २२२ जण दरम्यान मरण पावले होते. मृत्यूचे कारण ज्यांच्याबाबत नोंदलेले मिळाले, त्यांपैकी सुमारे ३४ टक्के दारूशी संबंधित आजारांनी गेले होते, आणि जवळजवळ ५१ टक्के तंबाखूशी संबंधित आजारांनी. ज्या शत्रूशी लढण्यासाठी माणसे रुग्णालयात गेली, त्याने जितके नेले त्याहून अधिक त्यांना दुसऱ्याने नेले. हे आकडे आम्ही प्रथम वाचले त्या रात्री फडताळातील ती चार पाकिटे पुन्हा डोळ्यांपुढे आली.

दोन्ही व्यसने एकत्र आली म्हणजे त्यांची नुसती बेरीज होत नाही. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाबाबत १९८८ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, दिवसाला दोन पाकिटांहून कमी न ओढणाऱ्या आणि चार पेल्यांहून अधिक पिणाऱ्या माणसांचा धोका, या दोन्हींपासून दूर असणाऱ्यांच्या पस्तीस पटींहून अधिक निघाला. मद्याने घशाचे अस्तर दुबळे होते आणि तंबाखूची विषे त्यातून सहज आत शिरतात. दारू सोडल्यावर तो जुना घाव भरून यायला पुष्कळ वर्षे लागतात. आणि नेमक्या त्याच वर्षांत दादांची सिगारेट दहावरून तीसवर गेली होती, अगदी पत्रलेखिकेच्या यजमानांसारखी. ज्यांनी कधी काळी भरपूर दारू घेतली आहे आणि आजही जे सिगारेट ओढतात, त्यांचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, किंवा तोंडातील व्रण तितक्या काळात भरला नाही, तर कृपा करून ज्येष्ठमधावर विसंबू नका. थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

येथे एक गंमत, म्हणजे गंमत म्हणवत नाही असे काहीतरी, मनात येते. काजू आणि तंबाखू हे दोघेही आपल्याकडे परके. दोघेही पोर्तुगिजांच्या गलबतांतून, दूर अमेरिका खंडातून आले. विजापूरच्या दरबारात तंबाखू एवढा रुळला होता की १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग याने तो तेथून नेऊन बादशहाला नजर केला. गोव्यात तर ब्राझीलमधील बाहियाचा तंबाखू जहाजांनी येई आणि त्याचा सरकारी मक्ता हे पोर्तुगीज राज्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. पुढे याच गोव्याने तंबाखूविरुद्ध आघाडी उघडली. डॉ. शरद वैद्य या शल्यचिकित्सकांनी उभारलेल्या चळवळीच्या रेट्याने १९९७ साली येथे सार्वजनिक जागी धूम्रपान करण्यास व थुंकण्यास बंदी करणारा कायदा झाला. देशभर तशी नियमावली लागू व्हायला २ ऑक्टोबर २००८ उजाडावे लागले. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू सेवन करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण साऱ्या भारतात गोव्यात सर्वांत कमी, म्हणजे ९.७ टक्के, निघाले. दारूची कथा उलटी : २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गोव्यातील सुमारे ३७ टक्के पुरुष मद्य घेतात. म्हणजे गोमंतकातील सर्वसाधारण माणूस सिगारेट ओढीत नाही, आणि त्यामुळेच दारू सोडलेल्या माणसाच्या हातातील सिगारेट कोणाला संकट वाटत नाही. ती त्याची हक्काची सवलत समजली जाते. कायदा तर उंबरठ्याबाहेरच थांबतो.

आता मुख्य शंकेकडे वळू. सिगारेट काढून घेतली तर माणूस पुन्हा पिऊ लागेल, ही ती भीती. ती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. २००४ साली या विषयावर दोन अभ्यास प्रसिद्ध झाले आणि त्यांची तोंडे निरनिराळ्या दिशांना आहेत. एकात १९ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पाहिले गेले : व्यसनमुक्तीच्या उपचारांबरोबरच ज्यांना सिगारेट सोडण्यास मदत मिळाली, त्यांची पुढे दीर्घकाळ दारू व अमली पदार्थांपासून दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. दुसरा अभ्यास मिनेसोटातील ४९९ जणांचा. त्यांतील निम्म्यांना दारूच्या उपचारांबरोबर लगेच सिगारेट सोडण्याची मदत दिली, उरलेल्यांना सहा महिन्यांनी. सिगारेट सोडणाऱ्यांचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच राहिले, परंतु लगेच मदत मिळालेल्या गटात दारूपासून दूर राहणारे काहीसे कमी भरले. तेव्हा अगदी पहिल्या आठवड्यातच दोन्ही आघाड्यांवर लढावे की थोडे थांबावे, याविषयी तज्ज्ञांत मतभेद राहणारच. प्रत्येकाचा पिंड निराळा. आमचा कल, ज्याला पहिल्या दिवसापासून दोन्ही सोडायची आहेत त्याला कोणी अडवू नये, आणि ज्याला धीर होत नाही त्याला काही महिने द्यावेत, याकडे आहे. परंतु त्या दुसऱ्या अभ्यासातही थांबायचे ते सहा महिने होते. आमच्या घरी आम्ही बारा वर्षे थांबलो.

सिगारेटमुळे दारू दूर राहते, असे मात्र आमच्या वाचनात कोठेही आढळले नाही. उलट २०१५ साली अमेरिकेतील हजारो मद्यमुक्तांच्या माहितीवरून असे दिसले, की जे धूम्रपान करीत होते त्यांची पुन्हा दारूकडे वळण्याची शक्यता न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होती. अधिक खोल व्यसन असलेला माणूस अधिक ओढीत असेल, हाही भाग त्यात असू शकतो. तरी दोघींची मैत्री जुनी आहे, यात शंका नाही. वर्षानुवर्षे एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात सिगारेट असली, म्हणजे मेंदूत दोघींची गाठ पक्की बसते; एकीची चव आली की दुसरीची आठवण होते. दादांना भट्टीचा वास लागत नसेल. पण रोज तिन्हीसांजेला त्यांच्या हातातील सिगारेट त्यांना कशाची आठवण करून देत होती, हे आम्ही कधी विचारले नाही.

आणि तो 'आधार'? निकोटीन धुराबरोबर काही सेकंदांत मेंदूत पोचते आणि दोन तासांत निम्मे उतरते. उतरू लागले की जीव कासावीस होतो, पुढची सिगारेट ती कासाविशी शमवते, आणि माणसाला वाटते की सिगारेटने मन शांत केले. २०१४ साली ब्रिटनमध्ये २६ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा सिगारेट सोडणाऱ्यांची चिंता, उदासी आणि मनावरील ताण सोडण्यापूर्वीपेक्षा कमी झालेला दिसला. पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातात, त्यांतही पहिले तीन दिवस फारच. त्यानंतर चढण ओसरते.

आता, भगिनी, आपल्या पत्राकडे.

आपले यजमान आठ महिने टिकले आहेत. थांबण्याचा जो काळ म्हणतात तो सरला आहे, म्हणून आपण स्वस्थ बसू नये असे आम्हांला मनापासून वाटते. परंतु कसे बोलावे, हे महत्त्वाचे आहे. पाकिटे लपवू नका, मोजू नका, मुलीच्या देखत बोलू नका. त्यांनी दिलेली धमकी ही दुष्टपणातून आलेली नाही. आपल्या हाताशी उरलेली एकमेव काठी कोणीतरी ओढून नेत आहे, असे त्यांना वाटले असावे. पहिली मागणी अगदी लहान करा : घरात ओढायची नाही, अंगणात. कारण मुलीच्या दम्याचे सांगा, आणि ते खरेच आहे. बंद खोलीतील धूर दम्याच्या मुलाला औषधाचा परिणाम होऊ देत नाही. बहुतेक बाप एवढे ऐकतात. पावसाळ्यात पागोळ्यांखाली उभे राहून ओढायचा कंटाळा येतो, हा त्यातील छुपा फायदा.

दुसरे, त्यांना एकदा सकाळच्या वेळी, चहानंतर, विचारा की सिगारेट सोडावी असे कधी मनात येते काय. आपण धरून चालतो की येत नाही. दादांना आम्ही हा प्रश्न बारा वर्षांत एकदाही विचारला नाही. पुढे आजारपणात ते पाटीवर लिहून बोलत, एकदा त्यांनी लिहिले, "मला सोडायची होती. तुम्ही आणून देत होता, म्हणून वाटले की चालते."

ते हो म्हणाले तर दिवस त्यांना ठरवू द्या. मात्र काजूच्या हंगामात नको, शिगम्यात नको. आपण लिहिता की यंदा त्यांनीही देवीचे व्रत धरायचे ठरवले आहे. व्रताच्या त्या दिवसांत सिगारेटही बाजूला ठेवता आली तर उत्तम, पण व्रत सुटल्यावर काय, याची तयारी आधी हवी. दादांचा अनुभव आपल्यासमोर आहे. सोडण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून त्यांना दारूचा पूर्वेतिहास स्पष्ट सांगावा. निकोटीनचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो. त्याखेरीज ओढ कमी करणाऱ्या गोळ्याही आहेत, परंतु त्यांतील एक गोळी फेफऱ्याची प्रवृत्ती असलेल्यास चालत नाही, म्हणून त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. सिगारेटऐवजी तंबाखू मळून खाणे हा उतारा नव्हे. आणखी एक, फारसे कोणी न सांगणारे : सिगारेटच्या धुरामुळे कॉफीतील उत्तेजक द्रव्य शरीरातून लवकर निघून जाते. सिगारेट सुटली की तेवढीच कॉफी जवळजवळ दुपटीने अंगावर येते, झोप उडते, छाती धडधडते, आणि माणूस समजतो की हे सिगारेट सोडल्यामुळे. त्या दिवसांत कॉफी निम्मी करा, चहाही बेताचाच.

तिन्हीसांजेचे दोन तास भरून काढणे हे मात्र औषधाने होत नाही. आमच्या भागात त्या वेळी देवळात कोणी ना कोणी टाळ घेऊन बसलेले असते. यजमानांना गाणे येत नसले तरी टाळ धरता येईल. बोलायला माणूस हवा असेल तर तो वैद्यच असला पाहिजे असे नाही. गोव्यातील 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, दारूचा घातक वापर करणाऱ्या ३७७ पुरुषांवर केलेली चाचणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आली. त्यांतील निम्म्यांशी, थोडे प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी मोजक्या बैठकांत नीट बोलणे केले. तीन महिन्यांनी त्या गटात ४२ टक्के पुरुष मद्यापासून पूर्ण दूर होते, इतरांत १८ टक्के. दारूबाबत जे बोलण्याने साधते, ते सिगारेटबाबत साधणारच नाही असे समजण्याचे कारण नाही. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचा विनाशुल्क दूरध्वनी आहे : १८००-११-२३५६. प्रथम आपणच फोन करून विचारले तरी चालेल.

सोडल्यावर एखाद्या दिवशी त्यांनी एक सिगारेट ओढली तर घरात सुतक धरू नका, आणि त्यांच्या मनात 'आता सगळेच गेले, मग पेलाही का नको' असा विचार शिरू देऊ नका. सिगारेटची घसरण ही दारूची घसरण नव्हे, हे त्यांना त्याच संध्याकाळी, शांतपणे, आपणच सांगायला हवे. सासूबाईंना हे पत्रोत्तर वाचून दाखवा. त्यांच्या मुलावरील मायेविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. आमच्या आईचीही तशीच माया होती.

जत्रा आटोपल्यावर, पाऊस लागण्यापूर्वी, दोन ओळी पाठवाव्यात. यजमान अंगणात ओढू लागले काय, आणि मुलीची रात्रीची झोप कशी आहे, एवढे कळवले तरी पुरे.